२५ नोव्हेंबर १९४९ चे भाषण : बाबासाहेबांचे तीन इशारे सुटे वाचावेत की सलग?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत केलेले समारोपाचे भाषण आज बहुतेकांना तीन वाक्यांपुरतेच माहीत असते. एखाद्या आंदोलनावर टीका करायची असली की त्यातील 'अराजकाचे व्याकरण' हे शब्द पुढे केले जातात. व्यक्तिपूजेचा विषय निघाला की राजकारणातील भक्ती अधःपाताकडे आणि अखेरीस हुकूमशाहीकडे नेते, हे वाक्य सांगितले जाते. २६ जानेवारी जवळ आली की आपण परस्परविरोधाने भरलेल्या जीवनात प्रवेश करीत आहोत, हे वाक्य अग्रलेखांत दिसू लागते. तिन्ही विधाने त्यांचीच आहेत. परंतु संपूर्ण भाषण सलग वाचले, तर ती एकाच युक्तिवादाची तीन अंगे आहेत आणि पहिले अंग तिसऱ्यावाचून अपुरे राहते, असे माझे ठाम मत आहे. त्यावर सविस्तर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे.

आधी प्रसंग लक्षात घ्यावा लागेल. संविधान सभेची पहिली बैठक ९ डिसेंबर १९४६ रोजी झाली. तेव्हापासूनच्या २ वर्षे, ११ महिने आणि १७ दिवसांचा हिशेब बाबासाहेबांनी भाषणाच्या आरंभीच दिला आहे : ११ अधिवेशने, १६५ दिवसांचे कामकाज, त्यांपैकी ११४ दिवस मसुद्यावरील चर्चा. मसुदा समितीने फार वेळ लावला आणि जनतेचा पैसा खर्ची घातला, अशी टीका त्या काळात होत होती. तिला उत्तर म्हणून त्यांनी अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिका या देशांना किती काळ लागला ते सांगितले. आपल्याकडे सुमारे ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या आणि त्यांतील २,४७३ प्रत्यक्ष सभागृहात मांडल्या गेल्या, हेही त्यांनी सभागृहापुढे ठेवले. हा भाग आज कोणी उद्धृत करीत नाही, आणि तो रुक्ष आहे हे मान्यच आहे.

त्यानंतरचा श्रेयाचा भाग मात्र मला फार मोलाचा वाटतो. सभेतील वक्त्यांनी त्यांच्यावर स्तुतीचा वर्षाव केला होता. त्यांनी त्यातले श्रेय संविधान सभेचे घटनात्मक सल्लागार सर बी. एन. राव, मसुदा समितीतील सहकारी आणि मुख्य मसुदाकार एस. एन. मुखर्जी यांना वाटून दिले. मुखर्जींच्या हाताखालच्या आणि मध्यरात्र उलटेपर्यंत राबलेल्या कर्मचाऱ्यांचाही त्यांनी उल्लेख केला. पुढे ते ज्यांचे आभार मानतात ते त्यांचे टीकाकार आहेत. सगळ्या सदस्यांनी पक्षशिस्त काटेकोरपणे पाळली असती, तर ही सभा होयबांचा मेळावा झाली असती. सुदैवाने येथे काही बंडखोर होते, असे ते म्हणतात आणि नावे घेतात : कामत, डॉ. पंजाबराव देशमुख, सिधवा, प्रा. सक्सेना, पंडित ठाकुरदास भार्गव, प्रा. के. टी. शहा, पंडित हृदयनाथ कुंझरू. या मंडळींच्या बहुतेक सूचना बाबासाहेबांनी फेटाळल्या होत्या. तरीही, त्यांच्या सूचना मी स्वीकारू शकलो नाही म्हणून त्यांचे मोल कमी होत नाही आणि त्यांच्यामुळेच घटनेमागची तत्त्वे मांडण्याची संधी मला मिळाली, असे ते सांगतात. ज्याच्या हातात बहुमत आहे तो विरोधकांचे नाव घेऊन ऋण मान्य करतो, असे प्रसंग आपल्या संसदीय इतिहासात फार थोडे असतील. काही परिच्छेदांनंतर येणारा व्यक्तिपूजेविषयीचा इशारा या आभारांमुळे अधिक विश्वासार्ह होतो.

येथे एक गोष्ट विसरता कामा नये. तीन वर्षांपूर्वी ते या सभेत जवळजवळ परके होते. मुंबई प्रांतातून निवडून येणे शक्य न झाल्याने ते बंगालमधून आले होते. पंडित नेहरूंच्या उद्दिष्टांच्या ठरावावर बॅ. मुकुंदराव जयकरांनी तहकुबीची दुरुस्ती मांडली, तेव्हा १७ डिसेंबर १९४६ रोजी बाबासाहेबांना अनपेक्षितपणे बोलण्यास सांगण्यात आले. आपल्या आधी वीस-बावीस वक्ते असल्याचे दिसत होते, आधी कळते तर तयारी करून आलो असतो, असे सांगूनच त्यांनी सुरुवात केली. आज आपण राजकीय, सामाजिक आणि आर्थिक दृष्ट्या विभागलेलो आहोत, आपण एकमेकांशी लढणाऱ्या छावण्यांचा समूह आहोत आणि अशा एका छावणीचा मीही नेता आहे, असे त्यांनी बोलून दाखवले. मात्र सर्व जातिपंथ असूनही आपण कोणत्या ना कोणत्या रूपात एक होऊ, याबद्दल मला शंका नाही, अशीही ग्वाही दिली. पुढे फाळणीमुळे बंगालमधील त्यांची जागा गेली आणि जयकरांनी रिकाम्या केलेल्या मुंबईच्या जागेवर ते पुन्हा निवडून आले. १९४९ च्या भाषणात ते म्हणतात की अनुसूचित जातींच्या हिताचे रक्षण यापलीकडे कोणतीही आकांक्षा न बाळगता मी या सभेत आलो होतो, मसुदा समितीवर निवड झाली तेव्हा मला आश्चर्य वाटले आणि अध्यक्षपदी निवड झाली तेव्हा त्याहून अधिक. ही दोन भाषणे शेजारी ठेवून वाचली, तर सभेनेही एक प्रवास केला होता हे उमजते.

आता मुख्य भागाकडे वळतो. घटना कितीही चांगली असली, तरी ती राबवणारे वाईट निघाले तर ती वाईट ठरेल, या वाक्यापासून ते घटनेच्या गुणदोषांकडे वळतात, तिच्यावरील टीकेला उत्तर देतात आणि मग भविष्याकडे पाहू लागतात. २६ जानेवारी १९५० रोजी भारत प्रजासत्ताक होईल, पण त्याच्या स्वातंत्र्याचे पुढे काय होईल? ते टिकेल की पुन्हा जाईल? या प्रश्नापाठोपाठ इतिहास येतो. महंमद बिन कासिमने सिंधवर स्वारी केली तेव्हा दाहिर राजाच्या सेनापतींनी लाच घेतली. जयचंदाने महंमद घोरीला बोलावले. शिवाजी महाराज लढत असताना इतर मराठा सरदार आणि रजपूत राजे मोगलांच्या बाजूने लढत होते. आपल्याच लोकांच्या फितुरीने देश पूर्वी पारतंत्र्यात गेला, ही बोच त्यांनी उत्सवाच्या ऐन मुहूर्तावर बोलून दाखवली. लोकशाहीविषयीची चिंताही ते अशाच रीतीने मांडतात. भारताला लोकशाही ठाऊक नव्हती असे नाही, बौद्ध भिक्षुसंघात आसनव्यवस्था, ठराव, गणपूर्ती, पक्षप्रतोद, मतमोजणी, गुप्त मतदान यांचे नियम होते, आणि ते बुद्धांनी आपल्या काळातील राजकीय सभांवरून घेतले असावेत, असे ते सांगतात. ती लोकशाही भारताने गमावली. दुसऱ्यांदाही गमावणार काय, हा त्यांचा प्रश्न आहे, आणि तीन इशारे या प्रश्नाचे उत्तर म्हणून येतात.

पहिला इशारा असा की सामाजिक आणि आर्थिक उद्दिष्टे साध्य करताना आपण घटनात्मक मार्गांनाच चिकटून राहावे. रक्तरंजित क्रांतीचा मार्ग सोडावा, आणि सविनय कायदेभंग, असहकार व सत्याग्रह हेही सोडावेत. घटनात्मक मार्ग उपलब्ध नव्हते तेव्हा या पद्धतींचे बऱ्याच प्रमाणात समर्थन करता येत होते. घटनात्मक मार्ग मोकळे असताना ते करता येणार नाही, कारण मग त्या पद्धती म्हणजे केवळ अराजकाचे व्याकरण होत. या विधानात एक अट आहे आणि उद्धृत करताना बहुधा तीच गाळली जाते. मार्ग मोकळे असले पाहिजेत, ही ती अट.

दुसरा इशारा इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलच्या आधाराने दिलेला आहे. कितीही थोर पुरुष असला तरी आपली स्वातंत्र्ये त्याच्या चरणी वाहू नयेत आणि संस्था मोडून टाकता येतील एवढी सत्ता त्याच्या हाती देऊ नये. आयुष्यभर देशाची सेवा केलेल्यांविषयी कृतज्ञ असावे, पण कृतज्ञतेलाही मर्यादा असते, हे सांगताना ते आयरिश देशभक्त डॅनियल ओकॉनेलचा दाखला देतात. हा विचार त्यांना त्या दिवशी प्रथम सुचला, असेही नाही. १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्याच्या गोखले हॉलमध्ये न्यायमूर्ती रानड्यांच्या १०१ व्या जयंतीनिमित्त बोलताना त्यांनी थोर पुरुष कोणाला म्हणावे याचीच मीमांसा केली होती, आणि गांधी व जिना या दोघांभोवती चाललेल्या पूजेवर कडाडून टीका केली होती.

तिसरा इशारा भाषणाच्या गाभ्याशी आहे. केवळ राजकीय लोकशाहीवर समाधान मानू नका, तिच्या तळाशी सामाजिक लोकशाही नसेल तर ती टिकणार नाही. स्वातंत्र्य, समता आणि बंधुता यांना सुटे करता येत नाही. समतेवाचून स्वातंत्र्य म्हणजे मूठभरांचे बहुतांवरील वर्चस्व होईल, स्वातंत्र्यावाचून समता व्यक्तीचा पुढाकार मारून टाकील आणि बंधुतेवाचून दोन्ही गोष्टी सहजपणे नांदणार नाहीत, त्यांची अंमलबजावणी करायला शिपाई उभा करावा लागेल. यानंतर ते प्रसिद्ध वाक्य येते : राजकारणात एक माणूस, एक मत आणि प्रत्येक मताचे एक मूल्य हे तत्त्व आपण मान्य करू, आणि सामाजिक व आर्थिक जीवनात मात्र एक माणूस, एक मूल्य हे तत्त्व नाकारत राहू. ही विसंगती लवकरात लवकर दूर झाली नाही, तर विषमतेची झळ सोसणारे लोक या सभेने कष्टाने उभारलेला राजकीय लोकशाहीचा डोलारा उद्ध्वस्त करतील. जाती राष्ट्रविरोधी आहेत, कारण त्या समाजजीवनात फूट पाडतात आणि जातीजातींत मत्सर व द्वेष निर्माण करतात, हे विधानही याच भागात आहे.

आता पहिला आणि तिसरा इशारा एकत्र ठेवून पाहावा. एकीकडे ते पीडितांना सांगतात की रस्त्यावरचा संघर्ष सोडा आणि घटनेच्या मार्गाने चला. दुसरीकडे ते सत्ता हाती असलेल्यांना सांगतात की विषमता त्वरेने नाहीशी करा, नाहीतर पीडित लोक ही इमारत पाडतील. या देशात राजकीय सत्ता फार काळ मूठभरांची मक्तेदारी राहिली, दडपलेले वर्ग आता दुसऱ्यांच्या राज्याखाली राहून थकले आहेत आणि स्वतः राज्य करण्यास अधीर झाले आहेत, असे त्यांनी त्याच भाषणात बजावले आहे. हा दोन्ही पक्षांवर बंधने घालणारा करार आहे. त्यातील पीडितांवरचे बंधन तेवढे उच्चारायचे आणि सत्ताधाऱ्यांवरचे गाळायचे, हा भाषणावर आणि भाषणकर्त्यावर अन्याय आहे. आपणास काय वाटते?

प्रतिसाद : महाडचे काय?

लेख आवडला, परंतु एक अडचण आपण टाळली आहे असे वाटते. ज्या नेत्याने १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह केला आणि १९३० मध्ये नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू केला, त्यानेच १९४९ मध्ये सत्याग्रहाला अराजकाच्या पंक्तीत बसवावे, हे मला आजही पचत नाही. घटनात्मक मार्ग मोकळे असतील तर, अशी अट आहे हे मान्य. परंतु गावातील भूमिहीन माणसासाठी न्यायालय आणि विधिमंडळ हे मार्ग २७ जानेवारी १९५० रोजी खरोखर मोकळे झाले होते काय? कागदावर मोकळा असलेला मार्ग आणि चालता येण्याजोगा मार्ग यांतील अंतर बाबासाहेबांइतके कोणाला ठाऊक असणार? म्हणून पहिला इशारा त्यांनी घाईने दिला, असे मला वाटते. तिसऱ्या इशाऱ्याने त्याची भरपाई होते हे आपले म्हणणे मला अर्धेच पटते.

प्रतिसाद : महाडचा क्रम पाहावा

आपला प्रश्न रास्त आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. महाडचा क्रम बारकाईने पाहिला की १९२७ आणि १९४९ यांतील अंतर पुष्कळ कमी होते. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, शाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये मंजूर केला होता. त्याला अनुसरून महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. तळ्यावर जाण्याचा हक्क असा आधीच मान्य झाला होता, फक्त तो बजावण्याची कोणाची छाती नव्हती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आणि परिषदेचे प्रतिनिधी तळ्यावर जाऊन पाणी प्याले, ते हा हक्क बजावण्यासाठी. त्यानंतर त्यांना मारहाण झाली आणि तळ्याचे शुद्धीकरण केले गेले, हे सर्वांना ठाऊक आहे.

डिसेंबरमध्ये दुसरी परिषद भरली तेव्हा तिच्या आधीच सवर्ण मंडळींनी न्यायालयातून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला होता. हजारो लोक सत्याग्रहासाठी जमलेले होते. २५ डिसेंबरच्या भाषणात बाबासाहेबांनी या परिषदेची तुलना १७८९ च्या फ्रान्समधील राष्ट्रीय सभेशी केली. चवदार तळ्याचे पाणी प्यायल्याने आपण अमर होणार नाही, आजवर ते प्यायलो नाही म्हणून मेलोही नाही, इतरांप्रमाणे आपणही माणसे आहोत हे सिद्ध करण्यासाठी तळ्यावर जायचे आहे, असे ते म्हणाले. त्याच दिवशी मनुस्मृतीचे दहन झाले. एवढे वातावरण तापलेले असताना, कलेक्टरांनी परिषदेपुढे येऊन निवेदन केल्यानंतर, त्यांनी सत्याग्रह तहकूब करण्याचा निर्णय घेतला आणि लोकांनी तळ्याभोवती मिरवणूक काढून परत फिरणे मान्य केले. खटला चालत राहिला आणि मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. जवळजवळ १० वर्षे. ज्या माणसाने विजयाच्या टप्प्यात असलेला लढा न्यायालयाच्या हुकुमापुढे थांबवला आणि एका तळ्यासाठी १० वर्षे वाट पाहिली, त्याला घटनात्मक मार्ग किती संथ आणि किती कठीण असतो हे कोणी सांगण्याची गरज नव्हती. त्याचा पहिला इशारा या अनुभवातून आला आहे, म्हणून मी त्याला घाईचा म्हणू शकत नाही.

कागदावरचा मार्ग आणि चालता येण्याजोगा मार्ग यांतील अंतराचा आपला मुद्दा मात्र मला पूर्ण मान्य आहे, आणि तिसरा इशारा मी त्या अंतराविषयीचाच समजतो.

प्रतिसाद : मराठी भाषणांची परंपरा

चर्चा संविधान सभेपुरती राहू नये, म्हणून लिहिते. आमच्यासारख्या घरांत २५ नोव्हेंबरचे भाषण फार उशिरा आले. ते इंग्रजीत होते, सभागृहात होते, आणि वाचणारे थोडे होते. आमच्या आजी-आजोबांच्या पिढीला घडवले ते त्यांच्या मराठी भाषणांनी. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला त्यांनी हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा केली. पुढच्या वर्षी ३१ मे रोजी मुंबईत महार परिषदेपुढे केलेल्या दीर्घ भाषणात त्यांनी धर्मांतराचा प्रश्न सर्व बाजूंनी उलगडून दाखवला. घोषणेनंतर २१ वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला ती प्रत्यक्षात आली. मधल्या काळात ते एक वाक्य लाखो निरक्षर माणसांनी जपून ठेवले. कोणी पाठ करून घेतले नव्हते. आंबेडकरी जलसे गावोगाव फिरत होते, शाहीर त्या भाषणांचा आशय पदांत बांधत होते, वामनदादा कर्डकांसारख्यांनी पुढे तो वारसा नेला, आणि भाषण कानांवाटे घराघरांत गेले.

आजही ६ डिसेंबरला दादरला चैत्यभूमीच्या परिसरात किंवा धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर गेलात तर पुस्तकांच्या स्टॉलवर एकेका भाषणाची पातळ पुस्तिका स्वतंत्रपणे विकायला असते. खेड्यातून आलेली बाई आधी मुलाला शीर्षक वाचायला लावते, मग कनवटीची नोट काढते. मी हे स्वतः पाहिले आहे. एखाद्या भाषणाचा प्रभाव मोजायचा असेल तर ते कोणत्या निकालपत्रात उद्धृत झाले यापेक्षा ते कोणी विकत घेऊन घरी नेले, याला मी अधिक वजन देईन. आणि या श्रोत्यांना तिसरा इशारा कोणी समजावून सांगावा लागला नाही. येवल्याचे भाषण ऐकलेल्यांना सामाजिक लोकशाहीचा अभाव म्हणजे काय हे रोज भोगावे लागत होते.

प्रतिसाद : निकालपत्रांविषयी

वरील प्रतिसाद मनापासून पटला, तरी निकालपत्रांचे महत्त्व सांगणे वकिलीच्या व्यवसायात असल्याने मला आवश्यक वाटते. बाबासाहेबांच्या ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणातील, म्हणजे मसुदा सादर करतानाच्या भाषणातील, घटनात्मक नैतिकतेची कल्पना गेल्या काही वर्षांत सर्वोच्च न्यायालयात वारंवार आली आहे. मनोज नरुला प्रकरणात (गुन्हेगारी आरोप असलेल्यांना मंत्री करावे काय, हा प्रश्न) २०१४ मध्ये आणि नवतेजसिंग जोहर प्रकरणात (समलिंगी संबंध गुन्हा ठरवावेत काय, हा प्रश्न) २०१८ मध्ये न्यायालयाने तिचा आधार घेतला. मूळ भाषणात त्यांनी ग्रीसचा इतिहास लिहिणारा इंग्रज इतिहासकार ग्रोट याचा उतारा दिला होता. घटनात्मक नैतिकता ही स्वाभाविक भावना नसते, ती रुजवावी लागते, आणि भारतातील लोकशाही म्हणजे मुळात लोकशाहीविरोधी असलेल्या जमिनीवरचा वरवरचा थर आहे, असे ते म्हणाले. प्रशासनाचा एवढा तपशील घटनेत कशाला, या आक्षेपाला दिलेले ते उत्तर होते. विधिमंडळावर सर्व काही सोपवण्याइतकी ही नैतिकता अद्याप रुजलेली नाही, म्हणून तपशील घटनेतच लिहिलेला बरा, असा त्यांचा रोख होता.

आज न्यायालय तीच कल्पना बहुसंख्याकांच्या नैतिकतेविरुद्ध व्यक्तीच्या हक्कांची ढाल म्हणून वापरते. मला हा विस्तार योग्य वाटतो, कारण तो १९४९ च्या तिसऱ्या इशाऱ्याशी सुसंगत आहे. पण १९४८ च्या संदर्भात ती कल्पना प्रथमतः सत्ता राबवणाऱ्यांच्या आत्मसंयमाविषयी होती, हे वकिलांनी आणि वाचकांनी ध्यानात ठेवले पाहिजे. केवळ न्यायालयाने ती जपावी आणि मंत्री, आमदार, अधिकारी यांनी तिच्याकडे पाठ फिरवावी, ही अपेक्षा त्या भाषणात कुठेही नाही.

प्रतिसाद : १९५३ चे उद्गार

ज्या बाबासाहेबांनी १९४९ मध्ये घटनेचा एवढा समर्थ पुरस्कार केला, त्यांनीच २ सप्टेंबर १९५३ रोजी राज्यसभेत ही घटना जाळणारा पहिला माणूस मी असेन, असे म्हटले होते. धागाकर्त्यांच्या मांडणीत या उद्गारांचे स्थान काय?

प्रतिसाद : ते उद्गार आणि त्यांचा खुलासा

आंध्र राज्याच्या विधेयकावरील चर्चेत ते उद्गार आले. अल्पसंख्य समूहांच्या संरक्षणासाठी राज्यपालांना काही अधिकार असावेत, असे ते सांगत होते, आणि सभागृहातून त्यांना तुम्हीच घटना केली असे वारंवार ऐकवले जात होते. त्या चकमकीत ते शब्द निघाले. १९ मार्च १९५५ रोजी त्याच सभागृहात त्यांना याविषयी विचारले गेले तेव्हा त्यांनी कारण सांगितले : आम्ही देवासाठी मंदिर बांधले, पण देवाची प्रतिष्ठापना होण्यापूर्वीच सैतानाने त्याचा ताबा घेतला, तर मंदिर पाडण्यावाचून काय उरते?

हा खुलासा १९४९ च्या भाषणापासून दूर नाही. राबवणारे वाईट निघाले तर चांगली घटनाही वाईट ठरेल, हेच त्यांनी तेव्हा सांगितले होते. मधल्या काळात हिंदू कोड बिल, म्हणजे विवाह, घटस्फोट, वारसा यांत हिंदू स्त्रियांना हक्क देऊ पाहणारे विधेयक, बाजूला सारले गेले आणि त्यांनी सप्टेंबर १९५१ मध्ये मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. राजीनाम्याचे निवेदन सभागृहात नियोजित पद्धतीने वाचू दिले जात नाही असे दिसताच ते सभागृहाबाहेर पडले आणि निवेदन त्यांनी वृत्तपत्रांकडे दिले. १९५२ च्या निवडणुकीत मुंबईत त्यांचा पराभव झाला. तिसऱ्या इशाऱ्यातील विसंगती मिटवण्याचा जो सर्वांत ठोस प्रयत्न त्यांनी कायदामंत्री म्हणून केला, तोच अडवला गेला होता. १९५३ चा संताप त्या पार्श्वभूमीवर वाचला पाहिजे. त्यांनी घटनात्मक मार्ग मात्र सोडला नाही. राज्यसभेत बसून, विधेयकावर बोलतानाच त्यांनी तो संताप व्यक्त केला.

प्रतिसाद : आणखी काय वाचावे?

मी महाविद्यालयात शिकवते. विद्यार्थ्यांना २५ नोव्हेंबरचे भाषण सलग वाचायला दिले की सुरुवातीच्या आकडेवारीतच अर्धे जण थांबतात. त्यांच्यासाठी याच विचाराचे एखादे छोटे भाषण सुचवता येईल काय?

प्रतिसाद : पुण्याचे १९५२ चे भाषण

२२ डिसेंबर १९५२ रोजी पुण्यात वकिलांपुढे त्यांनी लोकशाही यशस्वी होण्यासाठी कोणत्या पूर्वअटी लागतात, या विषयावर भाषण केले. ते आटोपशीर आहे आणि विद्यार्थ्यांना सहज झेपेल. लोकांच्या आर्थिक व सामाजिक जीवनात रक्तपाताशिवाय क्रांतिकारक बदल घडवून आणणारी शासनपद्धती म्हणजे लोकशाही, अशी व्याख्या त्यांनी तेथे केली आहे. पहिल्या आणि तिसऱ्या इशाऱ्याचा जो सांधा मी मूळ लेखात दाखवण्याचा प्रयत्न केला, तो या एका व्याख्येत त्यांनी स्वतःच जुळवून दिला आहे. पुढे अटी येतात : समाजात ढळढळीत विषमता नसावी, विरोधी पक्ष असावा, कायदा व प्रशासन सर्वांना समान असावे, घटनात्मक नैतिकता पाळली जावी, बहुमताने अल्पमतावर जुलूम करू नये, समाजात नैतिक व्यवस्था कार्यरत असावी आणि लोकांची सदसद्विवेकबुद्धी जागी असावी. शेवटच्या अटीचे त्यांनी केलेले विवेचन वर्गात मोठ्याने वाचून घ्यावे, असे मी आग्रहाने सुचवेन : अन्याय कोणावर होतो आहे हे न पाहता त्याच्याविरुद्ध उभे राहण्याची तयारी, असा तिचा अर्थ ते सांगतात. त्यानंतर १९४९ च्या भाषणाकडे वळताना आकडेवारीचा भाग तूर्त सोडून, बंडखोर सदस्यांच्या आभारापासून सुरुवात केली, तर विद्यार्थी मध्येच थांबणार नाहीत.